अक्कांची बिनक्लचची गाडी

आमच्या गल्लीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की पत्रिका छापायला टाकण्याआधी पेढे घेऊन अक्कांकडे जायची रीत होती. अक्का कुणाच्या नात्यातल्या नव्हत्या, पण ती पायरी चुकवण्याची कुणाची हिंमत नव्हती. मुलीचा बाप पुडा समोर ठेवायचा आणि मुलाची नोकरी, घरची बागायत, शहरातला फ्लॅट असं सगळं एका दमात सांगून मोकळा व्हायचा. अक्का मधे बोलायच्या नाहीत. पेढा मोडून अर्धा तोंडात टाकायच्या, उरलेला पुन्हा पुड्यात ठेवायच्या आणि विचारायच्या, "ते समदं झालं. पर तिथली सून काय म्हणती?"

इथे निम्मे बाप गडबडायचे. सून म्हणजे त्या घरात आधी आलेली, मुलाच्या थोरल्या भावाची बायको. अक्कांचं म्हणणं असं, की घराची चौकशी शेजाऱ्याकडे करून उपयोग नाही, कारण त्याचं बांधावरून काहीतरी बिनसलेलं असतं. त्या घरातून दुसरीकडे दिलेल्या मुलीला विचारण्यातही अर्थ नाही, ती माहेरचं वाईट कशाला सांगेल? बाहेरून येऊन तिथे रोज नांदणारी जी बाई असते, तिला विचारा. तीही तोंडाने सांगणार नाही, पण तिच्याकडे पाणी मागून बघा, ती सरळ आणून देते की आधी सासूकडे बघते. अशा चौकशीला अक्का स्वतः जायच्या, स्वतः गाडी चालवत. त्यांनी मोडलेल्या सोयरिकींपैकी काही घरं पुढे त्यांना दिवाळीचा फराळ पाठवत, हे मी पाहिलेलं आहे.

मी त्यांच्या समोर राहायचो. माझी नोकरी पशुसंवर्धन खात्यातली, डॉक्टरची नव्हे, डॉक्टरच्या हाताखालची. पण खेड्यात म्हशीला सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात. अक्कांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं, "माणसांचे का गुरांचे?" गुरांचा म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. "मंग बरं. गुरं खोटं बोलत न्हाईत. तुमी बी लई बोलत नसाल."

अक्का उंच होत्या, हाडापेराने मजबूत. पांढऱ्या केसांवरचा पदर दारात बसल्या की डोक्यावर असायचा आणि गाडीत बसल्या की कमरेला. डावा पाय पोलिओने लहानपणीच गेलेला. त्याबद्दल त्या अगदी कोरडेपणाने बोलायच्या. "ह्यो माझ्या आदी गेला," म्हणायच्या, जसं काही चुलत दिराबद्दल सांगतायत. चालताना डाव्या काखेत कुबडी. कुणी हात द्यायला पुढे झालं की त्या जागच्या जागी थांबायच्या, तो माणूस हात मागे घेईपर्यंत, आणि मग पुढे निघायच्या. नव्या माणसाला हे एकदाच शिकावं लागायचं.

त्यांचे यजमान पंचायत समितीचे सभापती होते. ती सभापतीगिरी एकच टर्म टिकली, पण अक्कांच्या तोंडी ते कायमचे सभापतीच राहिले. "सभापतींना वांग्याची भाजी चालायची न्हाई," असं त्या मेलेल्या माणसाबद्दल सरकारी गंभीरपणाने सांगायच्या. या सभापतींनी एका बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याकडून ती पांढरी गाडी घेतली होती. त्या काळी आमच्याकडे बिनक्लचची गाडी म्हणजे लोकांनी वाकून बघायची वस्तू. गिअर आपोआप पडतो म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. सभापतींनी अक्कांना पालीच्या तलावाकडच्या माळावर नेलं आणि स्टिअरिंगवर बसवलं. अक्कांनी सवयीने दोन्ही पाय खाली सोडले, तेव्हा सभापती म्हणाले, "तो पाय उचलून घे. त्याचं इथं काम न्हाई."

ही गोष्ट अक्कांनी मला निदान दहादा सांगितली असेल आणि दर वेळी या वाक्यापाशी त्या थांबायच्या. जन्मभर त्या पायाबद्दल लोकांनी काय काय बोलून ठेवलं होतं. लग्नात बोलले, देवळात बोलले. आणि इथे एक जागा अशी निघाली, की जिथे तो पाय कुणालाच लागत नव्हता, धडधाकट माणसालाही नाही. "आख्ख्या बीडाला गाडी चालवाया दोन पाय लागत्यात, डॉक्टर. मला एकच पुरतो," असं म्हणून त्या गोष्ट संपवायच्या. मला ती गोष्ट दर वेळी आवडायची, हेही सांगून टाकतो.

गाडी चालवण्याची त्यांची रीत वेगळीच होती. लिंबागणेशला त्यांचं शेत. आठवड्यातून दोनदा तरी त्या पालीवरून, मांजरसुंब्याचा घाट चढून तिकडे जायच्या. वाटेत मेंढ्यांचा कळप आडवा आला तर हॉर्न नाही. गाडी बंद करून, काच खाली करून, कोपर बाहेर काढून बसायच्या. हॉर्न वाजला की कळप फुटतो आणि मेंढपाळाला मग कोस कोस पळावं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागचा ट्रकवाला बोंबलत असायचा. अक्का मेंढपाळाला विचारत असायच्या, "थोरली पोरगी किती झाली रं? कुठं बगायलास का?" कळप उतरून जाईपर्यंत एका मुलीची माहिती त्यांच्याकडे जमा झालेली असायची.

त्यांना एकच मुलगा, संदीप, पुण्यात संगणकाच्या नोकरीत. मुलगा गुणी. रोज सकाळी फोन, "आई, आज कुठं जायचं नाही ना?" त्याची बायको वर्षा केजची. तिच्या माहेरची चौकशी अक्कांनी स्वतः जाऊन केली होती आणि तिच्या भावजयीने पाणी सासूकडे न बघता आणून दिलं, म्हणून सोयरीक पक्की केली होती. सुनेबद्दल कुणी विचारलं तर अक्का म्हणायच्या, "चांगली हाय. बोलत न्हाई." त्यांच्या लेखी हे कौतुक होतं.

गाडीने घाटात दगा दिला तो एका भर दुपारी. चढावर इंजिन जोरात ओरडायला लागलं, पण गाडी पुढे जाईना. मग ती मागे सरकायला लागली. मागे दुधाचा टेम्पो होता. अक्कांनी ब्रेक दाबून धरला आणि टेम्पोवाल्याने उडी मारून चाकामागे दगड लावला. एवढंच घडलं. पण ही गोष्ट बीडला पोहोचेपर्यंत गाडी दरीच्या काठावर लटकली होती आणि पुण्याला पोहोचेपर्यंत अक्का दवाखान्यात होत्या. संदीप त्याच दिवशी गाडी काढून आला. अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या बघून त्याला आधी रडू आलं आणि मग राग आला.

"आई, बास झालं आता. ही गाडी भंगारात दे. मी तुला नवी घेतो, ड्रायव्हरसकट."

"ड्रायव्हर कावून?"

"मग कोण चालवणार?"

अक्कांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मंग ती गाडी ड्रायव्हरची झाली. माझी कशी?"

संदीप माझ्याकडे बघायला लागला. मी शेंगांकडे बघितलं. मायलेकांच्या बोलण्यात शेजाऱ्याने शेंगांकडेच बघावं, असं माझं मत आहे.

तर आता प्रश्न असा उभा राहिला, की गाडीचा तो आपोआप पडणारा गिअरबॉक्स दुरुस्त कुठे करायचा. नीट झाला नाही, तर अक्का घरात बसणार, आणि घरात बसलेल्या अक्कांना संदीप पुण्याला नेणार, हे सगळ्या गल्लीला कळत होतं. अक्कांनाही कळत होतं. त्या ते बोलत नव्हत्या, पण त्या दिवसांत त्यांचा आवाज जरा खाली आला होता आणि सोयरिकीचे पेढे घेऊन आलेल्या एका बापाला त्यांनी काहीच न विचारता परत पाठवलं, याची गल्लीला फार काळजी वाटली.

आमच्या नाक्यावरचा रऊफ मिस्त्री गेली कित्येक वर्षं ती गाडी बघत होता. त्याने बॉनेट उघडून आतली तेलाची पट्टी ओढून काढली आणि फडक्यावर पुसून दाखवली. "अक्का, ये तेल लाल रहना. देखो, काला पड़ गया, जलने की बास मारता. अंदर की प्लेटां गई." मग त्याने पट्टी परत खोचली. "खोल तो दूँगा, पर बंद नहीं होगा मेरे से."

"रऊफ इमानदार हाय," घरी येताना अक्का म्हणाल्या. "जमत न्हाई म्हणला. असं म्हणाया लई मोठं काळीज लागतं." रऊफनेच दोनतीन जागा सांगितल्या आणि अक्कांनी कुबडी भिंतीला टेकवून मला हुकूम सोडला, "डॉक्टर, तुमची गाडी काढा. चौकशीला जायचंय."

माझी गाडी लहान आणि क्लचवाली. पहिल्या दिवशी बायपासच्या वळणावरच अक्कांना राहवलं नाही. "किती लाथा मारायलाव हो तिला? काय केलंय तिनं तुमचं?" त्यांना शेजारच्या सीटवर बसायची सवयच नव्हती. उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता.

गेवराईच्या अलीकडे हायवेवर एका पैलवानाचं गॅरेज. पैलवान खरोखरच कुस्त्या खेळलेला, कान मोडलेला. त्याने गाडीचं नाव ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "ठेवा अक्का. करून देतो. आजवर माझी एक बी गाडी माघारी आली न्हाई बगा!" मी मनातून खूश झालो, म्हटलं काम एका फेरीत आटोपलं. अक्का म्हणाल्या, "असली बिनक्लचची कुणाची केलतीस?" पैलवानाने जवळच्याच एका गावातल्या बागायतदाराचं नाव सांगितलं. आम्ही तिथे गेलो. गाडी लिंबाखाली उभी होती. चारी टायर बसलेले, आणि पुढच्या चाकाच्या आडोशाला कोंबडी अंड्यावर बसलेली. अक्कांनी कोंबडी उठणार नाही इतक्या लांबून ती गाडी बघितली.

"बराबर हाय पैलवानाचं," त्या म्हणाल्या. "माघारी कशी येईल? तिला चालताच येईना."

दुसऱ्या खेपेला संभाजीनगर. तिथल्या एका मोठ्या वर्कशॉपात काचेची केबिन, गार हवा आणि टाय लावलेला माणूस. मी आत जाऊन बोलणी केली. जुना गिअरबॉक्स आम्ही उघडत नाही, अख्खा नवा मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही, असं त्याने अतिशय गोड आवाजात सांगितलं. बाहेर येऊन बघतो तर अक्का गेटवरच्या वॉचमनच्या खुर्चीवर बसलेल्या आणि वॉचमन उभा.

"हितून दुरुस्त होऊन गेलेल्या माघारी येत्यात का रं?"

"येतात की मावशी."

"मंग? आत घेत्यात?"

"आधी कागद बघतात. मुदत सरली असली, की गेटवरनंच परत."

अक्का उठल्या. "चला डॉक्टर." माझी केबिनमधली हकिकत त्यांनी ऐकूनही घेतली नाही.

तिसरी जागा तिथल्याच औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बोळात होती. मालक खरात नावाचा, मध्यम वयाचा, कमी बोलणारा आणि जरा खाष्ट. एक गिअरबॉक्स सोडवून त्याने मोठ्या परातीत मांडून ठेवला होता. लग्नात रुखवत मांडतात तसा नीट. अक्का त्या परातीकडे बराच वेळ बघत राहिल्या. खरातने आधीच सांगून टाकलं, "उघडल्याशिवाय काय झालंय ते सांगणार नाही. आणि उघडताना गाडीवाला समोर पाहिजे. नंतरची कटकट नको."

"तुमच्या गाड्या माघारी येत्यात का?"

मला वाटलं माणूस चिडणार. पण त्याने हात पुसत म्हटलं, "येतात. पाचोडच्या डॉक्टरीणबाईंची आली होती. जाताना बघून जा."

पाचोड परतीच्या वाटेवरच होतं. डॉक्टरीणबाई दवाखान्यातून हसत बाहेर आल्या आणि गाडीबद्दल चांगलं सांगायला लागल्या. अक्का म्हणाल्या, "बाई, तुमी मालकीण. गाडी चालवतं कोण?" ड्रायव्हर होता, विडी विझवत आला. गाडीत रोज बसणारा हा, म्हणजे अक्कांच्या हिशोबाने घरातली सून. त्याने खरं ते सांगितलं. दुरुस्तीनंतर महिन्याभरात गाडीखाली तेल ठिबकायला लागलं. परत नेली. खरात तोंड वाकडं करून बसला, पण एका शब्दाने विचारलं नाही की तुम्ही काय केलं, कुठे आदळली. ड्रायव्हरला शेजारी बसवून पुन्हा सगळं उघडलं, दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याला दिली, संध्याकाळी गाडी देऊन टाकली. त्यानंतर तक्रार नाही.

गेवराई मागे पडली तशी अक्कांनी काच खाली केली. मग म्हणाल्या, "समद्यांच्याच लेकी कवा ना कवा माघारी येत्यात, डॉक्टर. येत न्हाईत म्हणणारा खोटा. आलेल्या लेकीला कोण काय इचारतं, त्यावर समदं हाय." खरातची जागा पक्की झाली असं मी समजलो.

पण त्याच आठवड्यात संदीपचा सूर बदलला. त्याला एकाएकी आईचं म्हणणं पटलं. गाडी दुरुस्तच करू, पुण्यात माझ्या ओळखीचं उत्तम गॅरेज आहे, मी टो करणारी गाडी पाठवतो, तू काही बघू नकोस. अक्का विरघळल्या. खरातचं नाव मागे पडलं. इतक्या दिवसांनी मुलगा आपल्या बाजूने बोलला, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला शिरा करून खाऊ घातला. मग संदीपचा मला वेगळा फोन आला. "काका, गाडी एकदा इकडं आली ना, की पुढचं मी बघतो. तुम्ही फक्त तिला पाठवायला लावा. तुम्हाला कळतंय ना?"

मला कळत होतं. आणि त्याचं सगळंच चूक होतं असंही नाही. घाटात मागे सरकणाऱ्या गाडीत आपली आई आहे, हे चित्र ज्याच्या डोळ्यांपुढून हलत नाही, त्याने काय करावं? पण गोड बोलून नेलेली वस्तू परत द्यायची नाही, हे मला पटेना. मी त्याला म्हटलं, "मी काही सांगणार नाही. तिकडचंही नाही आणि इकडचंही नाही." तरी संध्याकाळी समोरच्या ओट्यावर बसल्यावर माझ्या तोंडून एवढं निघून गेलं, "अक्का, सगळीकडे चौकशी केली. पुण्याचीच राहिली."

"घरच्या माणसाची काय चौकशी करायची?" अक्का हसल्या. "तिथली सून काय..."

वाक्य तिथेच थांबलं. त्यांच्या तोंडात ते इतकं बसलेलं होतं, की आपण कुणाबद्दल बोलतोय हे अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, परत खांद्यावर टाकला. मग जवळचा फोन उचलला. ऐकायला कमी यायचं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा, त्यामुळे गल्लीला त्यांचं काहीच गुपित नव्हतं. मी उठायला लागलो, तर त्यांनी हाताने बसवलं.

"वर्षा, अक्का बोलती."

"हां आई. देते यांना."

"त्याला नको. तुलाच इचारायचंय."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"गाडी पाठवू का पुण्याला?"

पावलं वाजली. मग दार लोटल्याचा आवाज आणि वर्षाचा हळू झालेला स्वर. "पाठवू नका, आई. गिऱ्हाईक ठरलंय तिचं. इकडं आली की जाणार." आणि मग, एकदा सुरुवात झाल्यावर थांबता येऊ नये तसं, "तुमची खोली पण रंगवून घेतलीय. गॅलरीकडची."

"रंग कोणता दिलाव?"

"फिका पिवळा."

"बरं," अक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. मला वाटलं आता फोन ठेवतील. पण चौकशी अर्धी सोडायची त्यांना सवय नव्हती. "आन् तुझं काय म्हणणं हाय? म्या तिकडं यावं का न्हाई?"

वर्षाने तिकडे खुर्ची ओढलेली ऐकू आली.

"आई, लग्न होऊन या घरात आल्यापासून तुम्ही मला आज पहिल्यांदा काहीतरी विचारलंत."

साऱ्या मुलखातल्या सुनांना पाणी मागत फिरलेली ती बाई फोनकडे बघत राहिली. मला त्यांची दया आली, आणि वर्षाचा तर अभिमानच वाटला.

"तुम्ही आलात तर मला बरंच वाटेल," वर्षा म्हणाली. "पण गाडी गेल्यावर येऊ नका. गाडी घेऊन या."

फोन ठेवल्यावर अक्का इतकंच म्हणाल्या, "बोलती की ही."

गाडी खरातकडे गेली. टो करणारी गाडी रऊफने बघून दिली. उघडताना समोर बसायला अक्का गेल्या, आणि पुण्याहून परस्पर वर्षाही तिथे आली. संदीपला तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी त्या बोळात बाहेर उभा होतो. आत परातीसमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सासूसुना बसल्या होत्या, आणि खरात एकेक जळकी, काळी पडलेली प्लेट काढून त्यांना दाखवत होता. "ही गेली. ही पण गेली. ही ठीक आहे." वर्षा हातात घेऊन बघायची आणि अक्कांकडे द्यायची. दुपारी खरातने डबा उघडला तेव्हा अक्कांनी त्याला तो बंद करायला लावला आणि आपली भाकरी, ठेचा पुढे केला. गाडी तयार झाली, मग थोड्या दिवसांनी एकदा माघारीही गेली, कुठल्याशा आवाजासाठी. खरातने तोंड वाकडं केलं आणि उघडली.

संदीप रागावला होता. आला, दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी अक्कांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "तुझी माया मला कळती. पर मला न इचारता कुठं द्यायचं न्हाई. ना गाडी, ना मी." त्यानंतर मात्र ठरलं. थंडीचे दिवस पुण्यात, बाकीचे इकडे, आणि गाडी बरोबर.

त्या पुण्याला जायला निघायच्या आदल्या दिवशी मी पालीकडे चाललो होतो, एका म्हशीचं बघायला. समोरून ती पांढरी गाडी येताना दिसली. मी सवयीने स्कूटर कडेला घेतली, कारण अक्का मला बघून थांबल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं. पुढे मेंढ्या होत्या. गाडी थांबली, हॉर्न वाजला नाही, इंजिन बंद झालं. मागच्या सीटवर संदीप बसलेला, मांडीवर हुरड्याची पिशवी, दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरलेली. डाव्या सीटवर अक्का. आणि स्टिअरिंगवर वर्षा, पदर कमरेला खोचून, घामाघूम.

मेंढपाळ ओळखीचा होता. त्याने अक्कांना हात केला. अक्कांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्याच्या थोरल्या मुलीचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही, आणि माझ्याकडेही बघितलं नाही. त्या खाली वाकून सुनेच्या पायांकडे बघत होत्या. कळप उतरून गेला. वर्षाने गाडी चालू केली, क्लचच्या गाडीच्या सवयीने दोन्ही पाय पुढे गेले, डावा ब्रेकवर पडला आणि गाडी आचका खाऊन थांबली.

"तो पाय उचलून घे," काच खाली असल्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं. "त्याचं इथं काम न्हाई."

वर्षाने डावा पाय उचलून सीटखाली ओढून घेतला. गाडी हळूच निघाली, वेग घेतला, आतल्या आत गिअर पडला तो कळलाही नाही. पुढे पुण्यात, त्याच हिवाळ्यात, अक्का झोपेतच गेल्या. मला शेवटच्या दिसल्या त्या अशा, शेजारच्या सीटवर बसलेल्या, आणि उजवा पाय या वेळी नसलेला ब्रेक दाबत नव्हता.